उतरून बघत जा

हे मी रचून सांगत नाहीये. रचायचं असतं तर रात्रीचे बारा वाजवले असते, लांब कुठेतरी कुत्रं रडवलं असतं. यात तसलं काही नाही.

शनिवार होता. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. लख्ख ऊन. एका तळ्याच्या काठी आमची गाडी उभी होती आणि पन्नास पावलांवर एक कुटुंब चेंडू खेळत होतं. भुताटकीला याहून गैरसोयीची वेळ शोधून सापडणार नाही.

पण जे झालं ते तेव्हाच झालं.

आता कुणी दारावर दोनदा टकटक केलं तर माझे हात गार पडतात. घरी येणाऱ्यांना मी सांगून ठेवलंय, बेल वाजवा नाहीतर हाक मारा. टकटक करू नका.

आधी आमच्याबद्दल सांगतो.

मी गाड्या रंगवतो. घराच्या मागेच माझं लहानसं वर्कशॉप आहे. पत्र्यावर बोट फिरवलं की गाडी कुठे ठोकली होती आणि कुणी तो पोचा लांबी, म्हणजे पुट्टी, भरून झाकला, हे मला कळतं. लोक गाडी विकताना जेवढं खोटं बोलतात तेवढं लग्न जुळवताना मुलीच्या बापाशीही बोलत नसतील. त्यामुळे ऐकीव गोष्टींवर माझा चटकन विश्वास बसत नाही.

बाबा बस चालवायचे. एकतीस वर्षं. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी जेवायला बसताना खुर्ची आधी पुढे-मागे सरकवून बघतात.

आणि आई. एकतीस वर्षांत आई बाबांच्या बसमध्ये एकदाही बसली नाही. ड्यूटीवर घरचं माणूस नको, हा बाबांचा नियम. "रिटायर झालो की तुला फिरवतो, तू फक्त बसायचं," असं ते दर वर्षी म्हणायचे. ते ऐकता ऐकता आईचे गुडघे गेले. आता तिला जिने चढवत नाहीत. तासाभराने पाय लांब करावे लागतात.

म्हणून बाबांच्या डोक्यात कॅम्पर व्हॅन आली. मागे पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. आईने हवं तेव्हा आडवं व्हावं, हवं तिथे चहा करून घ्यावा. नवी परवडणारी नव्हती. जुनी घ्यायची ठरलं.

आमच्यापैकी कुणीच असली गाडी आधी घेतली नव्हती. तरी तोरा असा, की जणू आम्ही तिघं मिळून कारखानाच विकत घ्यायला निघालोय.

विकणारे गृहस्थ घड्याळं दुरुस्त करायचे. बायको वारल्यावर दुकान बंद केलं होतं. खाली शटर ओढलेलं, वर राहतं घर, आणि बाजूच्या बोळात ती गाडी उभी. पूर्वी सामान पोचवायची व्हॅन होती ती. मागून नीट सुतारकाम करून घेतलेलं. ड्रायव्हरची केबिन आणि मागची खोली यांच्यामध्ये पत्र्याची भिंत. तिच्यातली छोटी पत्र्याची झडप गंजून कायमची बसलेली. म्हणजे पुढच्याला मागचं दिसत नाही, मागच्याला पुढचं नाही.

बाबांनी बॉनेटवर कान लावला. मी चाकांच्या कमानी बघितल्या, टाकी हुंगली, टायर किती जुने आहेत ते वाचलं. आईने हाताच्या वितीने शेगडीचा ओटा मोजला आणि जाहीर केलं, "माझी मोठी कढई बसत नाही."

"तुझ्या कढईसाठी आता ट्रक घेऊ," बाबा म्हणाले.

घड्याळवाले काका हसले नाहीत. ते बोळातच उभे होते. आम्ही तिघंही आत शिरलो तरी ते पायरीलाही शिवले नाहीत.

"तुम्हीच बघा. आतलं दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नाही," म्हणाले.

आतलं सगळं सामान त्यांनी काढून नेलं होतं. फक्त ओट्यावरच्या आकड्याला एक निळा मग लटकत होता. बाजूचा आकडा रिकामा.

"हा राहिला तुमचा," आई म्हणाली.

"तो राहू दे तिथेच."

मग चालवून बघायची वेळ आली. बाबा स्टिअरिंगवर, काका त्यांच्या शेजारी, आई आणि मी मागे. बाबांनी खिडकीतून मान काढून मागे ओरडून सांगितलं, "अगं, बसलीस की भिंतीवर दोन ठोके दे. दोन म्हणजे चल. एक म्हणजे थांब."

हा बसवाल्यांचा रिवाज. घंटी बिघडली की त्यांचे कंडक्टर पत्र्यावर ठोकायचे. डबल मिळाली की निघायचं, सिंगल मिळाली की जिथे असाल तिथे ब्रेक. ड्रायव्हरने मागे वळून बघायचं नाही. मागचं बघणं त्याचं कामच नाही. बाबा यावर भाषण देऊ शकतात.

काकांचा आवाज मला भिंतीपलीकडून अर्धवट ऐकू आला.

"ठोक्यांवर जाऊ नका हो. उतरून बघत जा."

"एकतीस वर्षं डबलवर गाडी हाकलीये," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजावरून कळलं की त्यांना ते लागलं. "एकदाही उतरलो नाही."

मी मागच्या कपाटाची कडी तपासत होतो. आई बाकावर टेकत होती.

तेवढ्यात...

ठक. ठक.

गाडी निघाली.

मला वाटलं, आईने ठोकलं. चक्कर मारून आल्यावर आई मला म्हणाली, "मला नीट टेकू तरी द्यायचंस. लगेच ठोकायची काय घाई होती?"

"मी कुठे? तूच ठोकलंस."

"मी? मी तर माझा गुडघा सरळ करत होते."

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि हसलो. खरंच हसलो. जुनी गाडी, काहीतरी हाललं असेल, आदळलं असेल.

व्यवहार फार पटकन झाला. बाबांना घासाघीस करायची होती, त्यांची तयारी फुकट गेली. किल्ली देताना काकांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. सोडायलाच तयार नव्हते. घड्याळाचे बारीक काटे बसवणारे हात...

"एवढं ऐका माझं. उतरून बघत जा."

वाटेत बाबा म्हणाले, "माणूस भला आहे, पण जरा हललेला दिसतोय."

गाडी माझ्या वर्कशॉपच्या शेडमध्ये आली. आईने पडदे शिवायला घेतले, बाबांनी इंजिन उघडलं, मी रंगाला लागलो.

मधली भिंत आतून रंगवायला घेतली तेव्हा मला त्या दोन जागा दिसल्या.

पहिली बाकाच्या वर, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला. नाण्याएवढा रंग उडालेला. ते ठीकच होतं. मागे बसणारं कुणीही तिथेच ठोकणार.

दुसरी जागा वर होती. अगदी छताला लागून, कोपऱ्यात. बशीएवढी. रंग तर सोडाच, खालचा प्रायमरही नव्हता. उघडा, चकचकीत पत्रा, आणि मधोमध किंचित आत गेलेला. हा माझा धंदा आहे. एवढी झीज वर्षा-दोन वर्षांत होत नाही.

तिथे हात कसा पोचेल ते मी करून बघितलं. बाकावर बसून पोचत नाही. उभं राहावं तर छत बुटकं, मान मोडते. तिथे ठोकायचं तर...

तर छताला पाठ लावून पालथं पडावं लागेल.

मी स्वतःलाच हसलो. लांबी भरली, पॉलिश पेपर मारला, प्रायमर आणि वर रंगाचे दोन हात दिले. भिंत आरशासारखी झाली.

त्याच आठवड्यात एकदा दुपारी बाबा तरातरा घरात आले.

"तुझ्या आईला सांग, मी नुसती काच पुसतोय. निघत नाहीये कुठे. सारखी काय डबल देतेय?"

"आई बाजारात गेलीये बाबा. तासभर झाला."

बाबांनी हातातलं फडकं झटकलं. मग म्हणाले, "पत्रा तापला असेल. उन्हाने आवाज करतो." आणि पाणी प्यायला गेले.

शेडमध्ये ऊन येत नाही. ते त्यांनाही माहीत होतं, मलाही. दोघंही गप्प बसलो. त्या गाडीवर त्यांचा किती जीव होता ते मी बघत होतो. आई रोज त्या पलंगावर पाच मिनिटं आडवी होऊन यायची आणि सांगायची, "झोप छान लागेल हो." बाबांचा चेहरा अशा वेळी उजळून निघायचा. त्यावर पाणी कोण ओतणार?

मी ओतायला हवं होतं.

तो शनिवार. सकाळी निघताना माझी नजर वर गेली. छताजवळ, कोपऱ्यात, माझ्या नव्या रंगावर... पुन्हा एक उघडा ठिपका. नखाएवढा. मला भीती वगैरे वाटली नाही. चीड आली, की माझं काम टिकलं कसं नाही. पिशवी घासली असेल म्हणून सोडून दिलं.

प्रवास मात्र सुंदर झाला. मी बाबांच्या शेजारी, आई मागे. दर थांब्यावर आई चढायची, ऐटीत दोन ठोके द्यायची आणि बाबा मिशीत हसायचे. "बघ, कंडक्टर कसा तयार झालाय." मला आठवत नाही ते दोघं इतके खुशीत कधी दिसले होते.

तळ्याकाठी जमीन जवळपास सपाट होती. तरी बाबांनी डेपोच्या शिस्तीने चारही चाकांना लाकडी पाचरी लावायला लावल्या. गाडीचं तोंड तळ्याकडे. जेवलो. आई दार उघडं ठेवून पाण्याकडे बघत पडून राहिली. तिला शांत झोप लागली. बाबा बाहेर खुर्ची टाकून बसले होते आणि मध्येच उठून ती झोपलीये ना ते बघून येत होते.

पावणेचारला आवराआवर सुरू झाली.

पाचरी काढायचं काम माझं होतं. पुढच्या दोन काढल्या. मागची उजवीकडची काढली. तेवढ्यात फोन आला, एका गिऱ्हाइकाचा, रंग कधी मिळणार म्हणून. बोलत बोलत मी केबिनमध्ये जाऊन बसलो.

"पाचरी काढल्यास?" बाबांनी विचारलं.

"काढल्या," मी म्हणालो.

चौथी राहिली होती.

बाबांनी इंजिन सुरू केलं. मागे वळवून रस्त्यावर घ्यायची होती, म्हणून रिव्हर्स टाकला. क्लच दाबून थांबले. मागचं दार सरकून बंद झाल्याचा आवाज आला. आई बसली.

मग...

ठक. ठक.

बाबांनी क्लच सोडला. गाडी मागे हलली. वीतभर.

आणि...

धाड!

एकच ठोका. पण असा, की माझी पाठ सीटवरून उचलली गेली. आरसा थरथरला. बाबांचा पाय ब्रेकवर आपोआप गेला, त्यांनी काही ठरवलं नव्हतं. एकतीस वर्षांचा पाय होता तो. गाडी गचका खाऊन बंद पडली.

"सिंगल?" बाबा म्हणाले. "काय झालं हिला?"

त्यांनी हाक मारली. उत्तर नाही.

पुन्हा हाक मारली.

आतून काही नाही...

आवाज आला तो बाहेरून. अगदी बारीक. खालून.

मी उडी टाकून मागे धावलो. आई डाव्या मागच्या चाकापाशी गुडघ्यांवर बसली होती. हातात चौथी पाचर. तिच्या शालीचं टोक टायरखाली गेलेलं, आणि शाल मानेपाशी ताणली गेल्याने तिला उठताही येत नव्हतं, सरकताही येत नव्हतं. तोंड उघडं होतं. निघत होता तो तेवढाच बारीक आवाज.

अजून एक वीत. फक्त एक वीत.

मी शाल तिच्या मानेभोवतून सोडवली. बाबा माझ्या मागून आले आणि तिच्यापाशीच बसले. त्या माणसाला मी कधी रडताना बघितलं नव्हतं. ते आईचा हात धरून एकच विचारत राहिले, "तू डबल दिलीस ना? अगं, तू डबल दिलीस ना?"

"मी आत गेलेच नाही हो," आई म्हणाली.

ती पायरी चढत होती तेव्हा तिला चौथी पाचर दिसली. ओरडून सांगितलं असतं तर बाबा माझ्यावर उखडले असते. छान चाललेला दिवस नासला असता. म्हणून तिने दार बाहेरूनच ओढून घेतलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी स्वतः मागे गेली. गुपचूप. मला बोलणी बसू नयेत म्हणून.

"इंजिन सुरू होतं, पण मी दोन दिल्याशिवाय तुम्ही निघणार नाही, माहीत होतं ना मला."

हे वाक्य बाबा अजून विसरलेले नाहीत. मीही नाही.

मी दार उघडलं. आत कुणी नव्हतं. पलंगावर घडी घातलेली चादर. पिशव्या जिथल्या तिथे. पडदेही स्थिर.

फक्त तो निळा मग...

आकड्याला लटकलेला तो एकटा मग झुलत होता. जोरात.

बाकाच्या वर, खांद्याच्या उंचीला, माझ्या नव्या रंगाला खळगा पडला होता. ताजा.

परत आलो ते आईला पुढे आमच्या दोघांच्या मध्ये बसवून. वाटेत मागून काही आवाज आला का, ते विचारू नका. बाबांनी पूर्ण रस्ताभर रेडिओ मोठ्याने लावून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घड्याळवाल्या काकांना फोन केला. रागानेच केला. म्हटलं, आज यांची चांगली हजेरी घ्यायची.

"काका, गाडीत काय आहे?"

त्यांनी उलट विचारलं, "कुणी गेलं का तुमच्याकडचं?"

"नाही. वाचली आई."

"दोन ठोके आले असतील."

"दोन आले. मग एक आला."

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मला वाटलं फोन कट झाला.

"एक आला?" त्यांचा आवाज पार बदलला होता. "नक्की एक आला? कुठे? खाली की वर?"

"खाली. बाकाच्या वर."

ते रडायला लागले. म्हातारा माणूस फोनवर रडतो तेव्हा काय बोलायचं असतं, मला माहीत नाही. मी नुसता फोन कानाला धरून उभा राहिलो. माझा राग कुठल्या कुठे गेला.

मग त्यांनी सांगितलं. त्यांची बायको गाडीत चढली, बसली, आणि आठवलं म्हणून पुन्हा खाली उतरली. बाहेरच्या नळावर तिचा चष्मा राहिला होता. दोन ठोके आले आणि त्यांनी गाडी मागे घेतली. ती तेव्हा चष्मा घेऊन मागून वळसा घालून येत होती.

"सगळे म्हणाले, तिने आधी ठोकून मग उतरायला नको होतं. मीही तसंच समजलो. नंतर गाडीत एकटा बसलो की दोन ठोके यायचे. रोज. मला वाटायचं, ती आहे. रागावलीये, मला जा म्हणतेय. म्हणून विकली हो मी. ती जा म्हणतेय तर कसा राहू?"

"काका..."

"मला एक कधीच ऐकू आला नाही. नेहमी दोनच. आणि ते वरून यायचे. छताकडून." ते थांबले. "तुमच्याकडे जो एक आला तो तिचा. बाकावर ती तिथेच बसायची. म्हणजे मग ते दोन..."

त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही. मलाही करवेना.

"तुमच्या आधी गाडी कुणाची होती?" मी विचारलं.

"एक सामान पोचवणारा होता. चांगला माणूस. किल्ली देताना एवढंच म्हणाला होता..."

"काय?"

"उतरून बघत जा."

त्यानंतर काकांनी माझा फोन उचललेला नाही.

ही गाडी आम्ही भंगारात का टाकली नाही, असं तुम्ही विचाराल. बाबांनी त्याच आठवड्यात भंगारवाल्याला बोलावलं होतं. आई शेडच्या दारात उभी राहिली.

"विकायची नाही. पुढचा घेईल, त्याला काय सांगणार तुम्ही? उतरून बघत जा? तुम्हाला सांगितलं होतं, तुम्ही बघितलंत?"

बाबांनी मान खाली घातली.

"मग तोडून टाकू."

"आणि तिचं काय?"

"कुणाचं?"

"त्यांच्या बाईचं. ती गेली त्या दिवशी ते वरचं होतंच आत, पण थांबवायला कुणी नव्हतं," आई म्हणाली. "आता आहे. माझ्यासाठी हात आपटला तिने. मी तिला कटरने कापून देऊ?"

बाबांनी भंगारवाल्याला परत पाठवलं.

आता गाडी शेडमध्येच आहे. मी तिची चारही चाकं काढली, विटांवर चढवली, बॅटरी काढून घरात आणून ठेवली. ती कुठेही जाऊ शकत नाही. मी रोज एकदा बघून खात्री करतो.

रोज संध्याकाळी, दिवे लावायच्या सुमाराला, शेडमधून दोन ठोके येतात.

ठक. ठक.

स्वयंपाकघरात बसलेल्या बाबांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जातो. दर वेळी. त्यांना ते कळतही नाही.

आणि त्यापाठोपाठ, लगेच, एक येतो. मग आम्ही तिघंही श्वास सोडतो आणि कुणीतरी पाणी मागतं, कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवतं.

आई अधूनमधून दुपारी आत जाऊन बसते. विणकाम घेऊन. निळ्या मगात चहा ओतते, समोर ठेवते, स्वतः दुसऱ्या कपातून पिते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ओरडलोच तिच्यावर. ती म्हणाली, "मी आत असले की वरचं गप्प असतं." मी विचारलं, तुला भीती नाही वाटत? म्हणाली, "वाटते ना. पण ती एकटी असते रे त्याच्याबरोबर."

एवढ्यावर राहिलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

गेल्या महिन्यापासून मला एक जाणवतंय. मी कुणाला बोललो नाही. दोन ठोके येतात... आणि एक लगेच येत नाही. आधी श्वासभर उशीर. मग दोन श्वास. परवा मी मनात आकडे मोजले, अकरापर्यंत गेलो.

वरच्या कोपऱ्यातला रंग परत पूर्ण उडालाय. बशीएवढा. खालचा खळगा आहे तेवढाच आहे.

काल संध्याकाळी दोन आले. आई भाजी चिरत होती. बाबांचा पाय दाबला गेला. मी मोजायला लागलो.

दहा... वीस... तीस...

बाबांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला कळलं की तेही इतके दिवस मोजत होते.

एक्केचाळीसला आला. इतका हलका, की आला असं म्हणायलाही धीर होईना.

आईने सुरी खाली ठेवली. हात पुसले. चहाचं पातेलं शेगडीवर ठेवलं आणि खुंटीवरची शाल खांद्यावर घेतली. तीच शाल, टोकाला टायरचा डाग असलेली.

"दमलीये ती," म्हणाली. "आजपासून रात्री मी तिथेच झोपेन."

बाबा उठले. दारापर्यंत गेले. तिचा हात धरला, आणि सोडला.

मीही उभाच होतो. चौथी पाचर माझी होती. मी कोणत्या तोंडाने तिला जाऊ नको म्हणणार होतो?

शेडचं दार सरकून बंद झालं. मी ओसरीत उभा राहून ऐकत राहिलो.

रात्रभर काहीच ऐकू आलं नाही...

सकाळी उजाडताच मी गाडीचं दार उघडलं. आई बाकावर बसून होती, डोळे लाल, पण ठीक. मला बघून हसली. म्हणाली, "झोप छान लागते म्हणायचे ना मी इथे? नाही लागत रे."

तिच्या उजव्या हाताची बोटं सुजली होती. सांध्यांवरची कातडी गेली होती.

खालच्या खळग्याच्या शेजारी तिने रात्रभर ठोकलं होतं. वरचं आता तिलाही जुमानत नव्हतं; त्याच्या दर दोनाला तिने एक दिला होता. आम्हाला घरात त्यातला एकही ऐकू आला नव्हता.